पोस्टपासून पोचपावतीपर्यंत: समाजमाध्यमांमुळे राजकीय सहभाग वाढतो का?

राज्यशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने तिच्या प्रकल्पासाठी मला प्रश्न विचारला आहे. समाजमाध्यमांमुळे नागरिकांचा राजकीय सहभाग खरोखर वाढतो, की वाढल्याचा नुसता भास होतो, आणि वाढत असेल तर तो नेमका कोणाचा वाढतो? पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहराच्या उपनगरात मी गेली वीस-बावीस वर्षे एका नागरिक गटाचे काम करतो. मतदार नोंदणी, माहिती अधिकाराचे अर्ज, प्रभागातल्या कामांचा पाठपुरावा असे त्या कामाचे स्वरूप आहे. त्यातली पहिली आठ-दहा वर्षे आम्ही सायकलवर फिरून पत्रके वाटली आणि पुढची वर्षे व्हॉट्सॲपवर काढली, त्यामुळे दोन्ही काळ जवळून पाहिले आहेत. उत्तर त्या अनुभवातून देत असल्यामुळे ते थोडे लांबेल.

प्रथम एक शब्द स्पष्ट करून घेतो. ‘राजकीय सहभाग’ म्हटले की आपल्याकडे मतदान, सभा आणि मोर्चा एवढेच डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात प्रारूप मतदार यादीवर हरकत घेणे, एखाद्या अधिसूचनेच्या मसुद्यावर मुदतीत सूचना पाठवणे, ग्रामसभेत ठराव मांडणे आणि तो इतिवृत्तात जसा मांडला तसाच उतरला की नाही हे तपासणे, हाही राजकीय सहभागच आहे. किंबहुना दोन निवडणुकांच्या मधल्या काळात सामान्य नागरिकाच्या हाती एवढेच उरते. समाजमाध्यमांनी बोलणे जवळजवळ फुकट करून टाकले, पण नोंदवण्याची किंमत फारशी उतरलेली नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, खरे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, खिडकीपाशी ताटकळावे लागते आणि गाव लहान असेल तर कोणाचा तरी रोषही पत्करावा लागतो. म्हणून समाजमाध्यमांमुळे सहभाग किती वाढला हे मोजायचे असेल, तर तो नोंदीच्या टोकाला मोजावा, असे माझे मत आहे. बोलण्याच्या टोकाला आकडे नेहमीच भरघोस दिसतात.

हे मत कसे बनले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात आमच्या भागात सलग तीन दिवस पाणी अगदी कमी दाबाने आले. तिसऱ्या दिवशी रात्री आमच्या व्हॉट्सॲप समूहावर जणू पूर आला. रिकाम्या पिंपांचे फोटो, टँकरवाल्यांच्या पावत्या, नगरसेवकाच्या जुन्या वाढदिवस-बॅनरवर रंगवलेल्या मिशा, दोन संतप्त ध्वनिसंदेश आणि शंभराहून अधिक प्रतिक्रिया आल्या. एका गृहस्थांनी तर आता शांत बसायचे नाही असे तीन वेळा लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयात जाऊन पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्यांना भेटलो. त्यांनी काही न बोलता आवक नोंदवही माझ्यासमोर सरकवली. आमच्या भागातून त्या तीन दिवसांत एकच अर्ज आला होता. तो एका निवृत्त शिक्षिकेचा होता आणि त्या आमच्या समूहात नव्हत्या, कारण त्यांच्याकडे साधा, बटणांचा फोन होता.

अभियंत्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांच्या लेखी आमच्या भागात तक्रार एक होती. वरिष्ठांकडे व्हॉल्व्ह बदलण्याचा प्रस्ताव पाठवताना त्यांना जोडायला एकच कागद मिळाला होता, आणि शंभर संदेशांचा स्क्रीनशॉट काही प्रस्तावाला जोडता येत नाही. त्यानंतर आम्ही समूहासाठी एक नियम केला. तक्रार टाकणाऱ्याने सोबत अर्जाच्या पोचपावतीचा किंवा संकेतस्थळावरच्या तक्रार क्रमांकाचा फोटो टाकायचा. पोच नसेल तर तक्रार नको. पहिल्या महिन्यात समूह जवळजवळ ओस पडला. काही जण रागावून बाहेर पडले, त्यांत शांत न बसणारे ते गृहस्थही होते. पण अर्ज वाढले, आणि ज्यांनी समूहावर कधी एक ओळही लिहिली नव्हती अशा माणसांच्या पोचा येऊ लागल्या. बोलणारे आणि नोंदवणारे हे दोन निराळे गट असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. विश्लेषण करताना अभ्यासक त्यांना एकच समजतात, आणि मोठमोठ्या आलेखांत चूक शिरते ती इथूनच.

हीच गोष्ट देशपातळीवर कशी दिसते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणून मी 2015 च्या नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या संकेतस्थळांना समान वागणूक मिळावी यासाठीच्या, लढ्याकडे बोट दाखवतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 27 मार्च 2015 रोजी एक विचारविनिमय-पत्र प्रसिद्ध केले. ते शंभरावर पानांचे आणि इंग्रजीत होते, आणि शेवटी 20 प्रश्न विचारलेले होते. अशा पत्रांना एरवी दूरसंचार कंपन्या, त्यांच्या संघटना आणि मूठभर अभ्यासू लोक उत्तरे देतात. या वेळी काही स्वयंसेवकांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ नावाचे संकेतस्थळ उभे केले. त्यावर पत्राचा सोपा सारांश होता, विसांच्या वीस प्रश्नांची तयार उत्तरे होती, पाठवणाऱ्याला ती हवी तशी बदलता येत होती, आणि शेवटी ती थेट ट्रायच्या ईमेल पत्त्यावर जात होती. एका विनोदी गटाच्या चित्रफितीने विषय तरुणांपर्यंत नेला आणि फेसबुक व ट्विटरने तो पसरवला. 24 एप्रिलची मुदत संपेपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले होते.

यातला बारकावा असा की ते दहा लाख लोक ट्विटरवर नुसता हॅशटॅग चालवत बसले असते, तर ट्रायला त्याची दखल घेण्याचे कोणतेही बंधन नव्हते. समाजमाध्यमांनी लोकांना दारापर्यंत आणले. आत शिरता आले ते कोणीतरी आधी बसून वीस प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली होती म्हणून. (नोंदवण्याची किंमतही तिथेच दिसली. ट्रायने आलेल्या सगळ्या ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकल्या, आणि अनेकांचे धाबे दणाणले.)

त्याच वर्षाच्या शेवटी याची उलटी बाजू पाहायला मिळाली. डिसेंबर 2015 मध्ये ट्रायने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे डेटा-दर आकारण्याच्या मुद्द्यावर दुसरे विचारविनिमय-पत्र काढले. फेसबुकने निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या समर्थनाचा तयार मजकूर वापरकर्त्यांसमोर ठेवला आणि एका बटणावर तो ट्रायकडे जाईल अशी व्यवस्था केली. समर्थनाचे लाखो संदेश गेले. ट्रायचे म्हणणे असे पडले की, आम्ही दरांविषयी ठरावीक प्रश्न विचारले आहेत आणि या संदेशांत त्या प्रश्नांची उत्तरेच नाहीत. तेव्हा कंपनीने आपल्या वापरकर्त्यांना त्या प्रश्नांवर उत्तरे द्यायला सांगावे. शेवटी 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने भेदभावाच्या दरांवर बंदी घालणारा नियम काढला. तयार मजकूर दोन्हीकडे होता, हे मान्य करायला हवे, आणि पहिल्या वेळी ईमेल पाठवणाऱ्या सगळ्यांनी ते विचारविनिमय-पत्र वाचले असेल असा माझा मुळीच भ्रम नाही. पण एका ठिकाणी मजकूर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत होता आणि दुसऱ्या ठिकाणी तो केवळ हात वर केल्याची खूण होता. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या फरकात आहे.

2020 मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी त्याचा पर्यावरणावरचा परिणाम तपासण्याच्या, मसुदा अधिसूचनेवरही लाखोंच्या संख्येने हरकती गेल्या. तिथे अडथळा भाषेचा होता. ज्यांच्या शेताशेजारी खाण किंवा प्रकल्प येणार, त्यांना मसुदा वाचता येत नव्हता, आणि ज्यांना वाचता येत होता ते बहुतेक शहरात टाळेबंदीत घरी बसलेले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुद्याचे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये भाषांतर करण्याचा आदेश दिला. दरम्यान कॉलेजातल्या मुलांनी इन्स्टाग्रामवर त्याचे मराठीत चौकटी-चौकटींचे सारांश करून टाकले होते. समाजमाध्यमांनी केलेल्या चांगल्या कामांची यादी करायची झाली तर मी त्यात हे भाषांतराचे काम मोर्च्यांच्या छायाचित्रांच्या वर ठेवीन.

आता मोर्च्यांकडे येतो, कारण महाराष्ट्रात हा विषय निघाला की कोणीतरी लगेच मराठा क्रांती मोर्च्यांचे नाव घेते. कोपर्डीत अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला तो 13 जुलै 2016 रोजी, आणि पहिला मूक मोर्चा 9 ऑगस्ट 2016 रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत निघाला. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत लाखोंचे मोर्चे निघाले आणि त्यांचे श्रेय सर्रास व्हॉट्सॲपला दिले गेले. मी त्यातला एक मोर्चा जवळून पाहिला. आदल्या आठवड्यात माझ्या फोनवर जे संदेश आले त्यांत घोषणा नव्हत्या, सूचना होत्या. कोणत्या तालुक्याच्या गाड्या कुठे लावायच्या, पुढे मुली, त्यांच्यामागे महिला आणि मग पुरुष, घोषणा द्यायच्या नाहीत, पाण्याची बाटली रस्त्यावर टाकायची नाही, निवेदन मुलीच देतील. हे संदेश पाळले गेले, कारण प्रत्येक गावात आधी बैठक झाली होती आणि संदेश पाठवणारा माणूस पाळणाऱ्याच्या भावकीतला, तालमीतला किंवा मंडळातला होता. व्हॉट्सॲपने ते जाळे विणले नाही. विणलेल्या जाळ्यावरून निरोप भराभर धावला एवढेच. जिथे असे जाळे नसते तिथे ‘चलो अमुक ठिकाणी’ म्हणून कितीही पोस्ट फिरल्या तरी चौकात पंधरा माणसे आणि चार कॅमेरे जमतात. मी अशा पंधरा जणांत अनेकदा उभा राहिलेलो आहे.

किसान सभेच्या नाशिक ते मुंबई लाँग मार्चमध्ये, मार्च 2018 मध्ये, समाजमाध्यमांनी वेगळे काम केले. चालणारे शेतकरी आणि आदिवासी हे फेसबुकच्या हाकेवर आलेले नव्हते. त्यांची संघटना जुनी होती आणि वनजमिनीच्या हक्काची मागणीही जुनी होती. पण सोललेल्या, भेगाळलेल्या तळव्यांची छायाचित्रे फोनवरून फिरली. शेवटच्या टप्प्यात, दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून मोर्चेकरी रात्रीच आझाद मैदानाकडे चालू लागले, ही बातमी फिरली, आणि मुंबईकर पाणी, बिस्किटे आणि चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. एरवी ज्यांचा त्या मागणीशी काही संबंध नव्हता असे बघे त्यामुळे साक्षीदार झाले, आणि सरकारवर दबाव येतो तो साक्षीदार वाढल्यामुळेही येतो. याला सहभाग म्हणायचे की नाही, यावर अभ्यासकांनी वाद घालावा, मी त्याला सहभाग म्हणतो.

ओळखीच्या माणसाचे महत्त्व केवळ आपल्या भावकीपुरते नाही. अमेरिकेत नोव्हेंबर 2010 च्या मध्यावधी निवडणुकीच्या दिवशी फेसबुकवर सुमारे 6 कोटी 10 लाख वापरकर्त्यांवर एक प्रयोग झाला आणि तो 2012 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काहींना मतदानाची नुसती आठवण दाखवली. काहींना त्या आठवणीसोबत, मतदान केल्याचे सांगणाऱ्या त्यांच्या मित्रांचे चेहरे दाखवले. नुसत्या आठवणीचा परिणाम जवळजवळ शून्य होता, तर चेहऱ्यांचा होता, आणि त्यातही जवळच्या मित्रांच्या चेहऱ्यांचा जास्त. संशोधकांच्या अंदाजाने त्या एका संदेशामुळे सुमारे 3 लाख 40 हजार जादा मते पडली, आणि त्यांतली बहुसंख्य ज्याने संदेश पाहिला त्याची नसून त्याच्या मित्रांची होती. प्रमाणाच्या दृष्टीने हा परिणाम लहान आहे, पण चुरशीच्या मतदारसंघात लहान परिणामही पुरेसा असतो. आम्ही मतदानाच्या दिवशी ‘मतदान करा’ अशी चित्रे पाठवणे या प्रयोगानंतर बंद केले. प्रत्येक इमारतीतल्या एकाने शाई लावलेल्या बोटाचा फोटो आपल्याच इमारतीच्या समूहावर टाकावा एवढेच सांगतो.

मतदानाचा विषय निघालाच आहे तर जी चूक मी स्वतः केली आहे ती सांगणे भाग आहे. 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या आधी एक संदेश जोरात फिरत होता. यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवा, ‘कलम 49 अ’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, मत देता येते. तुमच्या नावावर कोणी आधीच मत दिले असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. आणि एखाद्या केंद्रावर असे टेंडर व्होट 14 टक्क्यांहून जास्त झाले तर तिथे फेरमतदान होते. कलमाचा आकडा, टक्केवारी आणि आज्ञार्थी भाषा असा सगळा सरकारी थाट त्याला होता. तो मी दोन समूहांवर पुढे पाठवला. संध्याकाळी एका निवृत्त नायब तहसीलदारांनी फोन करून माझी हजेरी घेतली. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आधार असो वा पासपोर्ट. तुमच्या नावावर दुसऱ्याने मत दिले असेल तर नियम 49 पी खाली स्वतंत्र मतपत्रिका मिळते हे खरे, पण ती पाकिटात बंद राहते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. 14 टक्क्यांची गोष्ट तर निव्वळ मनची. मी दुरुस्तीचा संदेश पाठवला, पण तो किती जणांनी पाहिला हे विचारू नये. दुरुस्ती मूळ अफवेच्या वेगाने कधीच धावत नाही. मतदानाच्या दिवशी आमच्या केंद्रावर दोन कुटुंबे आधार कार्डे घेऊन आली आणि चिडून परत गेली. त्यांतले एक कुटुंब माझ्याच संदेशावर विसंबून आले होते. यादीत नाव घालण्यासाठीचा फॉर्म 6 भरण्याची मुदत तोवर कधीच उलटून गेली होती.

इथे अफवेने सहभाग वाढवला आणि त्याच क्षणी तो वायाही घालवला. नाव यादीत आहे का हे दोन महिने आधी पाहण्याचे कंटाळवाणे काम त्या संदेशाने लोकांच्या मनातून काढून टाकले, आणि हे नुकसान कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. अफवांचे याहून भीषण परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पक्षांच्या प्रचारयंत्रणांनी तिला उत्तर म्हणून समूहांची संख्या वाढवली. सामान्य कार्यकर्त्याला मात्र ती मर्यादा खरोखर लागली.

आता कोण गप्प बसते याकडे वळतो, कारण सहभागाच्या अभ्यासात बोलणाऱ्यांची मोजणी होते आणि गप्प बसलेल्यांची राहून जाते. नोव्हेंबर 2012 मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमध्ये एका तरुणीला अटक झाली, आणि ती पोस्ट नुसती ‘लाइक’ केल्याबद्दल दुसरीलाही. अशाच प्रकरणांतून आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा सांगणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 अ चा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये असेही स्पष्ट केले की, समान हेतू दिसत नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी समूहाच्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. कायदा असा मोकळा झाला, भीती मात्र तिथेच राहिली. आचारसंहिता लागली की आजही अनेक सोसायट्यांचे ॲडमिन ‘फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतात’ ही सोय चालू करतात. म्हणजे ज्या पंधरा-वीस दिवसांत शेजाऱ्यांनी उमेदवारांविषयी एकमेकांशी बोलायला हवे, नेमक्या त्याच दिवसांत समूहाला कुलूप असते. ॲडमिनला मी दोष देत नाही. जून 2023 मध्ये कोल्हापुरात काही जणांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून शहर पेटले आणि इंटरनेट बंद करावे लागले, हे त्यानेही पाहिलेले असते.

बायकांचे गप्प बसणे वेगळ्या जातीचे आहे. ग्रामपंचायतींच्या प्रशिक्षणासाठी आम्ही एका तालुक्यात सरपंचांचा समूह केला होता. निम्म्या जागा महिलांच्या, म्हणून समूहातही निम्म्या महिला असतील असे मी धरून चाललो होतो. पहिल्या आठवड्यात लक्षात आले की सरपंच ताई म्हणून जे नंबर मिळाले होते त्यांतले बरेचसे त्यांच्या यजमानांचे होते, एक तर दिराचा होता. ऑनलाइन सहभागाचा तक्ता केला असता तर त्यात महिलांचा सहभाग उत्तम दिसला असता. त्याच तालुक्यात बचत गटांच्या समूहांवर बायका मोकळेपणाने बोलत होत्या, कारण तिथे पुरुष नव्हते, आणि रेशन दुकानाच्या वजनाविषयीची ग्रामसभेतली तक्रार तिथूनच उगवली. शहरातल्या शिकलेल्या बायकांना उघड व्यासपीठावर मत मांडल्यावर जल्पकांकडून (ट्रोलांकडून) जी भाषा ऐकावी लागते, ती इथे लिहिण्यासारखी नाही. दोन अनुभव आले की त्या लिहिणे थांबवतात आणि वाचत राहतात.

कोणाला कोणता मजकूर दाखवायचा हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमविषयी खूप लिहिले जाते, म्हणून मी थोडेच लिहितो. ज्या मजकुरावर लोक थांबतात, भांडतात आणि जो पुढे पाठवतात तो वर आणायचा, हे या कंपन्यांच्या व्यवसायाचे सूत्र आहे. त्यामुळे नाल्याच्या निविदेपेक्षा पुतळ्याचा वाद नेहमीच वर राहतो. यामुळे लोकांची मते किती बदलतात याविषयी मात्र मी सावध आहे. अमेरिकेच्या 2020 च्या निवडणुकीच्या वेळी विद्यापीठांतल्या संशोधकांनी फेसबुकच्या मालक मेटा कंपनीसोबत काही प्रयोग केले आणि ते 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत काही वापरकर्त्यांना तीन महिने अल्गोरिदमऐवजी केवळ वेळेच्या क्रमाने मजकूर दाखवला गेला. त्यांचा तिथे घालवलेला वेळ कमी झाला, पण राजकीय मतांत किंवा ध्रुवीकरणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माझा अंदाज असा आहे की अल्गोरिदम मत बदलण्यापेक्षा विषय बदलतो. पाच वर्षांत प्रभागात ज्या गोष्टीची चर्चाच झाली नाही तिच्यावर मतदार मत कसे बनवणार?

उपयुक्त सोय कशी असते याचा एक नमुना सरकारी यंत्रणेतूनच देतो. निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ या ॲपवर आचारसंहिता भंगाची तक्रार करताना फोटो किंवा चित्रफीत तिथल्या तिथे काढावी लागते, गॅलरीतला जुना फोटो चालत नाही. ठिकाण आपोआप नोंदले जाते, नाव न देता तक्रार करता येते, आणि 100 मिनिटांत कार्यवाही करण्याचे उद्दिष्ट ठरवून दिलेले आहे. फोटो काढण्याची लोकांची सवय आणि नोंद ही दोन्ही तिथे एकाच बटणात आली आहेत. एका निवडणुकीत आमच्या चौकातल्या विनापरवाना फलकाचा फोटो एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यावर टाकला आणि त्याची शिकवणी सुटायच्या आत फलक उतरला होता. त्याला मतदानाचा हक्क अजून मिळायचा होता. असे ॲप आचारसंहितेपुरतेच का असावे, हे मात्र मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

तर प्रकल्पाविषयी. प्रश्नावली काढून ‘तुम्ही समाजमाध्यमांवर राजकीय मत मांडता का’ असे दोनशे जणांना विचारण्याचा बेत विद्यार्थिनीने तिच्या पत्रात लिहिला आहे, तो सोडून द्यावा असे मी सुचवतो. लोक स्वतःविषयी चांगलेच सांगतात. त्याऐवजी एकच प्रभाग किंवा एकच गाव घ्यावे. तिथल्या एखाद्या समूहाच्या ॲडमिनची आणि सभासदांची परवानगी घेऊन तीन महिन्यांत कोणत्या प्रश्नांवर किती आणि कोणी लिहिले, हे नावे न लिहिता टिपावे. मग त्याच तीन महिन्यांची आवक नोंदवही पाहावी आणि दोन्ही शेजारी ठेवावीत. नोंदवही सहज दाखवत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करावा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत लागतो, नाहीतर तो परत येऊ शकतो. अर्जात ‘पाण्याच्या तक्रारींविषयी माहिती’ असे मोघम न लिहिता ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या आवक नोंदवहीच्या पानांची प्रत, तक्रारदारांची नावे व पत्ते झाकून’ असे लिहावे, आणि अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.